मामंजींच्या हाताचं कॅरियर

लग्नघराच्या ओटीवर चपला साठतात ना, तसे आमच्या घरात किस्से साठतात. जो येतो तो एक सोडून आत जातो आणि जाताना आपला कुठला ते कोणी ओळखत नाही. मला या घरात येऊन आठ महिने झाले. नव्या सुनेने फार बोलायचं नसतं, त्यामुळे बघायला वेळच वेळ. या आठ महिन्यांत मी जे बघितलं, त्यातलं निम्मं गाडीच्या टपावर घडलं.

गाडी म्हणजे मिनीबस. वालीवच्या एका कारखान्याने कामगारांची ने-आण करून करून शेवटी भंगारात काढलेली. आमची केळीची आणि पानवेलींची वाडी. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, बेत असा की पहाटे टपावर केळी घालून बाजारात न्यायची आणि दिवसा तीच गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला द्यायची. त्यासाठी टपावर कॅरियर हवं. वालीवला दोन दिवसांत करून देणारे होते. पण मोठे भाऊजी, माझे थोरले दीर, म्हणाले, "त्यात काय आहे? चार पाइप आणि आठ जोड."

मोठ्या भाऊजींनी एकदा विहिरीवरचा पंप उघडला होता आणि तो परत चालू झाला होता. तेव्हापासून घरात त्यांना इंजिनियर मानतात. त्यानंतर उघडलेले दोन पंप गोठ्यामागे पडलेत, त्यांचं कोणी नाव काढत नाही.

कॅरियर झालं की पहिली फेरी मनोरला, माझ्या माहेरी, असं मामंजींनी स्वतः जाहीर केलं. तिथे माझी शिवणाची मशीन होती. पायाची, लोखंडी स्टँडची, मी दोन वर्षं लोकांचे कपडे शिवून घेतलेली. "सुनेची मशीन आपल्या गाडीच्या टपावरून येईल," मामंजी म्हणाले. एसटीतून आणू का, असं माझ्या बाबांनी विचारलं, तर त्यांना नको म्हणून कळवलं. घरची गाडी असताना एसटी म्हणजे कमीपणा.

तेव्हा जून लागायचा होता.

*

पाइप विकत आणायचे नाहीत, असं पहिल्याच दिवशी ठरलं. घरात लोखंड काय कमी आहे? मग घरातलं लोखंड हलायला लागलं. आधी पंपाचा जुना पाइप गेला. मग परसातला कपडे वाळत घालायचा पाइप गेला. पाऊस तोंडावर, आणि आम्ही दोघी जावा धुणं बसच्या खिडक्यांना अडकवत होतो. येणारे-जाणारे विचारायचे, गाडीत कोण राहायला आलंय?

मग स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज गेले. दुसऱ्या दिवशी मांजराने शेरभर दूध संपवलं. जाऊबाईंनी रिकामं पातेलं नेऊन मोठ्या भाऊजींसमोर ठेवलं. त्यांनी पातेल्यात बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "गज होते तेव्हा उंदीर यायचे. ते बंद झाले की नाही?"

जाऊबाईंनी त्या दिवशी त्यांना बिनदुधाचा चहा दिला. तो त्यांनी चांगला झालाय म्हणून दोनदा मागून घेतला.

*

आता मापाचा किस्सा.

आमच्या वाडीत सगळं मामंजींच्या हाताने मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दोन पानवेलींमधलं अंतर, पाटाची रुंदी, माझ्या लग्नाचा मांडवसुद्धा. चाळीस वर्षं हेच माप आहे, आणि वेली काही तक्रार करत नाहीत. तेव्हा मामंजी टपावर चढले, पालथे पडले आणि सरपटत सरपटत माप घेतलं. लांबी बारा हात, रुंदी चार हात. मोठ्या भाऊजींनी ते कागदावर लिहिलं आणि पाइपांबरोबर वालीवला लक्ष्मण वेल्डरकडे पाठवलं.

माझ्याकडे शिवणाची टेप होती. दुपारी सगळे निजले तेव्हा मी शिडी लावून टप मोजला, फूट आणि इंच चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती वाचली, मान हलवली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. चार दिवसांनी तोच शर्ट धुताना मला तिचा लगदा सापडला.

विचारलं तर म्हणाले, "बाबांचं माप झाल्यावर चिठ्ठी कशी द्यायची?"

लक्ष्मण म्हणजे सहा फुटांच्या वर. भातशेतीवाल्या गावचा, हात गुडघ्याला लागतील असे. मामंजी त्याच्या खांद्याला. दिवाळी उलटल्यावर कॅरियर आलं, ते लांबीत चार फूट जास्त. टपावर चढवलं तर ड्रायव्हरच्या काचेपुढे टोपीची झडप आल्यासारखं आलं, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर लटकलं.

मोठे भाऊजी त्याच्यावर खेकसले, बारा हात सांगितले होते ना? लक्ष्मण बिडी विझवून म्हणाला, "बाराच हायेत. मोजा. तुमच्या बाबांचा हात कोनी माझ्याबरोबर पाठवला होता काय?"

आठ महिन्यांत या अंगणात बोललं गेलेलं हे एकच शहाणपणाचं वाक्य. ते ऐकून मामंजी गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "राहू दे. ड्रायव्हरला ऊन लागणार नाही."

*

मग शिडी. वर चढायला शिडी हवी, ती मागून हवी. लक्ष्मण म्हणाला, थोडी बाजूला घेऊ. मोठे भाऊजी म्हणाले, मधोमध शोभेल. मधोमध लागली. शोभली. फक्त गाडीचं मागचं दार मधोमध होतं.

दार आता चार बोटं उघडतं. स्टेपनी दाराच्या आत. पहिल्याच आठवड्यात टायर बसलं तेव्हा ह्यांनी आणि मोठ्या भाऊजींनी ती स्टेपनी बाकांवरून एकमेकांकडे देत पुढच्या दाराने बाहेर काढली. दोघांच्या सदऱ्यांवर टायरचे ठसे. ते धुतले मी.

*

एवढ्यात माझी पंचाईत होऊन बसली. पापडीची रोझी, आमच्याकडून केळी नेणाऱ्या जॉनकाकांची मुलगी, नाताळानंतर तिचं लग्न. तिने माझ्या अंगातला ब्लाउज बघितला आणि नवरीपुढे फुलं घेऊन चालणाऱ्या चार मुलींचे फ्रॉक मला शिवायला दिले. पांढरं कापड, लेस, सगळं आणून दिलं. सासरी आल्यावर मला मिळालेलं हे पहिलं काम. मी हो म्हणाले, कारण मामंजींनी अंगणात उभं राहून सांगितलं होतं की या रविवारी मनोर.

रविवारी आम्ही निघालो. मी माहेरी जायचं म्हणून नवं लुगडं नेसून बसलेली. पापडीच्या गल्लीत शिरलो तर नाताळ आठवड्यावर आलेला. घराघरांतून गल्लीवर आडव्या दोऱ्या बांधून कागदी तारे टांगले होते. इतर गाड्या खालून जात. आमची झडप पुढे आलेली. गाडी चालवणाऱ्या मोठ्या भाऊजींना खालून तिच्या वरचं दिसत नाही, आणि वर काय चाललंय हे सांगायला कोणी उतरलं नाही. दोऱ्या तटातट तुटल्या. गल्लीच्या टोकाला गाडी थांबवली तेव्हा कॅरियरला पाच तारे आणि एक चांदीच्या कागदाची झालर लागली होती.

जॉनकाका घरातून बाहेर आले. आधी कॅरियरकडे बघितलं, मग खिडकीत बसलेल्या माझ्याकडे.

"बाय," ते म्हणाले, "रोझीचे फ्रॉक झाले नाहीत तरी चालतील. पण सासऱ्यांना सांग, चर्चच्या बाजूने येऊ नका. तिथे घंटा आहे."

माघारी वळलो. दोन दिवस ह्यांनी आणि मोठ्या भाऊजींनी शिड्या लावून पुन्हा तारे बांधले. मनोर राहिलं.

मी हाताने शिवायला बसले. एका फ्रॉकची एक बाही झाली आणि बोटं सुजली. त्या दुपारी मी बाबांना कार्ड टाकलं. एकच ओळ लिहिली, "कॅरियर झालंय."

बाबा शाळेत मास्तर आहेत. न लिहिलेलं वाचायची त्यांना सवय आहे.

*

चौथ्या दिवशी बाबांचा निरोप आला, दुपारच्या एसटीने येतोय. आम्ही सगळे स्टँडवर गेलो. एसटीच्या टपावर, पोत्यांच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यांच्या मधोमध, माझी मशीन. काथ्याने चारी बाजूंनी बांधलेली, वर आईची जुनी गोधडी.

हमालाने ती उतरवायला घेतली. मोठे भाऊजी त्याला मदत करायला म्हणून शिडीने वर गेले आणि एसटीच्या कॅरियरचे जोड तपासत बसले. खाली येऊन म्हणाले, "काही विशेष नाही. चार पाइप आणि आठ जोड." मामंजी तोवर एसटीच्या मागच्या बाजूला हात लावून मोजत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला तेव्हा सात हातांवर होते.

बाबांनी मला तेलाची छोटी बाटली दिली आणि त्याच एसटीने परत जायचं म्हणून चढून बसले.

मशीन ओटीवर ठेवली. मी गोधडी काढली, तेल घातलं, पायडल मारून बघितलं. चाक फिरलं. रोझीचं पांढरं कापड मी आतून आणून मांडीवर घेतलं. नाताळ दोन दिवसांवर.

मामंजी झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, मशीन आपल्या घरात आली, तर पहिलं काम घरचं व्हावं. दवात कॅरियर गंजायला लागलंय. मेणकापड आणलेलं आहे. त्याला आधी एक खोळ शिवून टाक, मग लोकांचं.

मोठे भाऊजी म्हणाले, त्यात काय आहे? चार शिवणी. ह्यांनी मान हलवली. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आठ महिन्यांत मामंजींसमोर मी हो आणि नाही यापलीकडे बोलले नव्हते. मी गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली आणि मशीनच्या खणात ठेवून खण बंद केला.

"शिवते की, मामंजी," मी म्हणाले. "माप कुणाच्या हाताचं घेऊ?"