पिवळ्या चुनरीने धरून ठेवलेली नाव

मी नवस फेडायला गेलो होतो आणि एका माणसाची नाव बुडवून बसलो. शिवाय त्याच्या तोंडावर खोटं बोललो. त्या दिवशी नर्मदामैयाने मला जे दिलं ते सांगायचं तर आधी हे सांगावंच लागेल, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

परदेशीपुऱ्यात माझं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं लहानसं वर्कशॉप आहे. शेतातल्या पंपांना असतात ती एका सिलिंडरची इंजिनं. गेल्या वर्षी पत्नीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी बोललो होतो, ही घरी चालत आली तर मैयाला चुनरी नेसवीन. आमच्याकडे साड्या एकीला एक जोडून लांबच लांब चुनरी करतात आणि नावेतून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाण्यावर पसरत नेतात. पत्नी बरी झाली. मी मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत सहा महिने काढले. शेवटी एक रविवार काढला, तोही अर्धाच, कारण दुपारी महूला एका गिऱ्हाइकाचं इंजिन बघायचं कबूल केलं होतं. मैयालाही मी कामांच्या मध्ये कुठेतरी बसवलं होतं.

घाट उतरून आम्ही नदीवर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. आम्ही दोघं आणि माझी बहीण. नाववाले गेंदालालजी साठीच्या आसपासचे, अंगाने वाळलेले. लाकडी नाव त्यांनी स्वतः डांबर लावून काळीकुळकुळीत ठेवली होती आणि मागे इंजिन बसवलेलं होतं. आमची पिवळी चुनरी चढवताना त्यांनी इंजिनाकडे हात केला. "चुनरी में मोटर नहीं चलाते, बाबूजी. चप्पू से ले चलूँगा. मैया को आराम से ओढ़ाते हैं."

"भिया, चप्पू से तो दोपहर हो जाएगी," मी म्हणालो. "आप चालू करो, मोटर का काम मैं जानता हूँ."

पत्नी म्हणाली, "अहो, एवढी काय घाई आहे? त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या."

मी ऐकलं नाही. गेंदालालजी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला आणि त्यांनी हँडल मारलं.

मध्यधारेच्या थोडं अलीकडे चुनरीचा एक पदर पाण्याखाली गेला आणि इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात ओढला गेला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. आम्ही तिघंही चुनरी धरायला एकाच बाजूला झुकलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नाकातोंडात पाणी, नावेचा काळा तळ, बहिणीची हाक. गेंदालालजींनी नावेकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी आधी माझ्या पत्नीला दंडाला धरून वर काढलं आणि दुसऱ्या नावा येईपर्यंत एका फळीवर तोलून धरलं. आम्ही सगळे वाचलो. उलटलेली नाव धारेला लागली आणि वळणामागे दिसेनाशी झाली.

पायऱ्यांवर नाववाल्यांचा मुखिया आला. त्याने विचारलं, चुनरीत मोटर कुणी चालू ठेवली? भोवती पन्नास माणसं होती. पत्नी ओल्या साडीत थरथरत होती. मी म्हणालो, "हमने तो कुछ नहीं कहा. नाव इनकी है, इन्हीं को पता."

गेंदालालजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गमछा पिळायला घेतला. मुखिया म्हणाला, "तो फिर गेंदा, इस घाट से तेरी नाव बंद." चाळीस वर्षं त्या घाटावर नाव चालवणाऱ्या माणसाला मी एका वाक्याने उठवलं होतं.

बहीण पत्नीला धर्मशाळेत घेऊन गेली. जाताना पत्नी एवढंच म्हणाली, "त्यांची नाव आणून द्या. त्याआधी मला घरी नेऊ नका." खोटं तिनेही ऐकलं होतं. 

मी महूला फोन करून येत नाही असं कळवलं आणि गेंदालालजींच्या मागे काठाने चालू लागलो. दोन नावा आधीच वळणापलीकडे जाऊन रिकाम्या परतल्या होत्या. तिथे नदीत काळे खडकच खडक. उन्हात दोन तास आम्ही शोधत होतो. पाण्यात बुडालेल्या इंजिनाचा एकेक तास काय असतो ते मला माहीत होतं. एका जागी मी थांबलो आणि मनात म्हणालो, मैया, माझी अक्कल संपली. मागायला तोंडही नाही. आता तुला वाटेल ते कर.

समोरून पांढऱ्या लुगड्यातल्या एक वृद्ध बाई काठी टेकत येत होत्या. पाठीला वळकटी, हातात कमंडलू. परिक्रमेतल्या होत्या. "नर्मदे हर," म्हणून त्यांनी आम्हाला निरखलं. मी नाव शोधतोय म्हटल्यावर त्या अस्सल मराठीत म्हणाल्या, "नाव काही मी पाहिली नाही बाबा. पण त्या अर्जुनाच्या झाडाखाली कुणाची तरी पिवळी साडी खडकाला अडकलीय. मघा तिथेच आंघोळ केली. ओढून काढावी म्हटलं, तर हलेना. मैयाने घट्ट धरलीय."

आम्ही धावलो. चुनरीचं एक टोक पंख्याला गुंडाळलेलं होतं आणि दुसरं दोन खडकांच्या फटीत. मध्ये डांबर लावलेला नावेचा तळ दुसऱ्या एखाद्या खडकासारखा जेमतेम पाण्यावर. म्हणूनच कुणाला दिसला नव्हता. मागे वळून पाहिलं तेव्हा बाई बऱ्याच लांब गेल्या होत्या. आभार मानायचे राहिले.

निरोप गेला तसे चारपाच नाववाले दोर घेऊन आले. आधी नाव झाडाला बांधली. मी खिशातला चाकू काढला तेव्हा गेंदालालजींनी दिवसभरात पहिल्यांदा माझा हात धरला. "मैया की चुनरी पे चाकू नहीं." मग मी छातीभर पाण्यात उभा राहून पंखा हाताने उलटा फिरवत एकेक वेढा सोडवला. बोटं सोलली. घाई करावी अशी तिथे काही सोयच नव्हती. तळावरून दोर टाकून सगळ्यांनी काठावरून सावकाश ओढलं आणि नाव पाण्यातच सुलटी झाली. लोक लगेच पाणी उपसायला लागले. मी थांबवलं आणि एकाला ऑइल आणायला पाठवलं. ऑइल येईपर्यंत इंजिन पाण्यातच राहू दे, बाहेर हवा लागली की आतून गंज धरायला लागतो.

एकजण हसला. "क्यों भिया, सुबह का नहाना कम पड़ गया था मोटर को?"

मीही हसलो असतो, पण हँडल फिरवून बघायची भीती मनात बसली होती. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं तर आतला रॉड वाकतो आणि मग काहीच उरत नाही. ऑइल आलं. पाणी उपसलं. मी सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारा नोझल काढला आणि डोळे मिटून हँडल फिरवलं. भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि हँडल अगदी मोकळं फिरलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चुनरीने पंखा जखडून नाव उलटण्याआधीच इंजिन बंद पाडलं होतं. जिने आम्हाला बुडवलं तिनेच इंजिन वाचवलं, आणि नाव वाहून जाऊ दिली नाही.

तोवर मुखियाही येऊन उभा होता. तेलकट हातांनीच मी त्याच्यासमोर हात जोडले. "मुखियाजी, सुबह मैं झूठ बोला. इन्होंने दो बार मना किया था. मोटर मैंने चालू करवाई."

मुखियाने गेंदालालजींना विचारलं, "तूने सुबह क्यों नहीं कहा रे?"

"इनकी घरवाली काँप रही थी," ते म्हणाले. "उसके सामने क्या कहता."

ताकासारखं पांढरं झालेलं ऑइल मी दोनदा बदललं, टाकी आणि फिल्टर रिकामे केले, डिझेलमधली हवा काढली. ऊन उतरताना सातव्यांदा हँडल मारलं तेव्हा आधी पांढरा धूर आला, मग एक ठोका, मग दुसरा. मुखियाने नावेला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "कल अपने नंबर पे लगा लेना." माझ्याकडे न बघताच तो निघून गेला. ते योग्यच होतं.

मी चुनरी पिळून घडी करायला लागलो. फाटली होती, चिखल लागला होता. ही आता कशी वाहायची, असं पुटपुटलो. गेंदालालजींनी इंजिन बंद केलं आणि चप्पू उचलले. "बिठाओ बाई को. मैया ने कपड़ा थोड़े ही देखना है."

धर्मशाळेतून पत्नीला आणलं. मी पदर सोडत गेलो आणि ते वल्हवत राहिले. दुसरा काठ यायला किती वेळ लागला, मी पाहिलं नाही.

वर्कशॉपमध्ये अजूनही घाईची कामं येतात आणि मी घाई करतोही. पण हँडल हातात घेण्याआधी क्षणभर थांबतो. मैयाला नेसवायला निघालेला मी, त्या दिवशी तिनेच मला झाकून घेतलं. नर्मदे हर.