काकांची जुनी बॅटरी आणि आमची नवी

आमची मुलगी आठव्या महिन्यातच जन्माला आली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "हिला गार पडू देऊ नका. आणि गरम पाण्याची पिशवी लावू नका, एवढं नाजूक अंग भाजेल." कलकत्त्यात, बेहाला भागातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी तिच्यासाठी लाकडी खोकं बनवलं आणि आत तापमापक टांगला. जाळीच्या कप्प्याखाली दोन दिवे लावले. एक घरच्या विजेवरचा आणि दुसरा मोटारीचा, बॅटरीवर चालणारा. सत्तरच्या दशकातले दिवस होते, संध्याकाळी वीज जायचीच.

बॅटरी मी नवी आणली होती. दुसरी काकांनी दिली, त्यांच्या जुन्या गाडीतली. काका म्हणजे कलकत्त्यातच जन्मलेले एक वृद्ध मराठी गृहस्थ. तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर असा मी नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा महिनाभर त्यांच्याच घरी जेवलो. ही खोलीही त्यांनीच मिळवून दिली. त्यांची वस्तू बाजूला कशी ठेवायची? जुनी बॅटरी नवीला जोडू नये, हे पदार्थविज्ञानाच्या पदवीधराला कळत होतं. तरी मी दोन्ही जोडल्या.

त्या संध्याकाळी काका बाळाला बघायला आले आणि वीज गेली. मोटारीचा दिवा लख्ख पेटला.

"बघ, माझी म्हातारी अजून कामाची आहे की नाही!" काका खुर्चीत टेकत म्हणाले.

अर्ध्या तासात दिवा पिवळा पडला. दोन्ही मिळून रात्रभर पुरतील असा माझा हिशेब होता. मी वाकून हात लावला. नवी बॅटरी गार होती, काकांची चांगलीच तापली होती. नवीतली वीज जुनी गिळत होती. तार काढायला दोन मिनिटं पुरली असती. पण काका समोर बसले होते. मी उगाच पेच घट्ट करत राहिलो.

"अहो, पारा उतरतोय," बायको म्हणाली.

"बघतोय."

"काय बघताय? हिचे पाय गार पडलेत!"

"की होलो?" घाबरले की काका बंगाली बोलत. ते उठून आले आणि त्यांनीही बॅटरीला हात लावला. "ही माझी तापलीय. कधीपासून?"

"मघापासून."

"आणि तू माझं तोंड बघत बसलास? काढ ती आधी, गाढवा!"

मी तार ओढली. दिवा हळूहळू उजळला, पण पारा हलेना. बायकोने बाळाचे तळवे मुठीत धरले होते. काका खुर्चीकडे गेलेच नाहीत, माझ्याशेजारी जमिनीवर उकिडवे बसून पाऱ्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने बायको म्हणाली, "ऊब येतेय."

काकांनी तेव्हा कुठे भिंतीला पाठ टेकली.