महिन्यातला एक शनिवार, वीस गोळ्या

पद्माकर घटाट्यांना नीट बोलता येत होतं, तेव्हा ते बायकोला त्या रायफलीला हात लावू देत नसत. "खांद्याचं भरीत होईल," म्हणायचे. रायफल होती थ्री हंड्रेड मॅग्नम, पन्नासच्या दशकात बर्मिंगहॅमला बनलेली. अक्रोडी लाकडाचा दस्ता गालाला लागून लागून गुळगुळीत झालेला. घटाटे हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दर ऑक्टोबरात दोघा सहकाऱ्यांबरोबर ते स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जात. शैलाताई वॉटफर्डच्या घरी मुलीजवळ राहत. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी नेमबाजीचा कप मिळवला होता. नवऱ्याला ते ठाऊक होतं, पण घरात तो विषय कधी निघाला नाही.

२००२च्या फेब्रुवारीत घटाट्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जा, नको, पाणी, किती, एवढेच शब्द उरले. थोड्याच दिवसांत पोलिसांचं पत्र आलं: यांचं बंदुकीचं लायसन्स आता चालू ठेवता येणार नाही. रायफल बंदुकांच्या डीलरकडे ठेवायला गेली. लीड्सहून मुलीचा, शाल्मलीचा फोन आला.

"आई, ती रायफल विकून टाक ना. कोण वापरणार आता?"

"मी," शैलाताई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

सहा महिने नेमबाजीच्या क्लबात छोट्या रायफलीवर शिकून, फॉर्म भरून, तपासण्या होऊन पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं लायसन्स आलं. जिन्याखालच्या पोलादी कपाटात रायफल परत आली. किल्ली फक्त त्यांच्यापाशी.

बाकीचे दिवस सगळे एकसारखेच. सकाळी होइस्टच्या यंत्राने नवऱ्याला पलंगावरून उचलायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची. लायब्ररीतली नोकरी त्यांनी सोडली होती. दूध आणायला कोपऱ्यावर गेल्या तरी कान घराकडे. महिन्यातून एका शनिवारी मात्र रुग्णसेवेच्या एजन्सीकडून पूर्वी नावाची मुलगी दहा ते चार यायची. सहा तास. त्यातले जाऊन-येऊन अडीच तास मोटरवेवर, ट्रॅफिक असला तर तीन.

सरे परगण्यातल्या नेमबाजीच्या रेंजवर त्या पालथ्या पडायच्या. दस्ता खांद्यात घट्ट बसवायच्या. बोल्ट पुढे सारला की आतून जो जड, तेल घातल्यासारखा आवाज यायचा, तो त्यांना फार आवडे. श्वास अर्धा सोडून थांबायचं. त्या थांबण्यात औषधांची वेळ नसायची, नवऱ्याच्या पलंगाजवळची घंटी नसायची, कुणाची कूस नसायची. मग धडाका, आणि खांद्यावर असा दणका की दात हलावेत. समोरची निशाणाची पाटी खाली जायची आणि गोळी लागली तिथे ठिपका घेऊन पुन्हा वर यायची. वीस गोळ्या झाल्या की त्यांचं तोंड आपोआप हसरं झालेलं असायचं. रेंजवरच्या म्हाताऱ्या मंडळींना या नाजूक बाईचं कौतुक वाटे. एकाने हलकी रायफल घ्यायला सुचवलं. "नको, मला दणका हवाय," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर घटाटे विचारायचे, "किती?"

"अहो, सोळा आत, चार बाहेर."

ते डोळे मिटून घ्यायचे. त्यांना बरं वाटलं की वाईट, हे शैलाताईंना पाच वर्षांत कळलं नाही.

२००८ साली लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: कधी नैराश्यावर उपचार घेतलेत का? त्या वसंतात डॉक्टरांनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या होत्या. एका सकाळी होइस्टचा पट्टा हातात धरून त्या तासभर नुसत्या उभ्या राहिल्या होत्या, म्हणून. 'हो' लिहिलं तर रायफल जाणार, आणि 'नाही' लिहिणं हा गुन्हा. फॉर्म बारा दिवस ब्रेडच्या डब्याखाली पडून राहिला. तेराव्या दिवशी त्यांनी 'हो' लिहिलं.

मिस्टर हॉब्ज नावाचे पोलिसखात्यातले गृहस्थ घरी आले. चहा घेतला, कपाट बघितलं, मग सरळ विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?"

"नाही," शैलाताई म्हणाल्या. "इथून निघून जावं असं येतं. रोज येतं. पण जाणार कुठे? ह्यांना कोण बघणार?"

पलीकडच्या खोलीत घटाटे जागे होते. दार उघडंच होतं.

हॉब्जनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत रायफल डीलरकडे राहू द्या. शिक्षा नाही ही."

रायफल गेली. पुढच्या शनिवारी पूर्वी आली तेव्हा शैलाताई भांडी घासत होत्या. "आंटी, आज जायचं नाही?" तिने विचारलं. आतून घटाट्यांचा आवाज आला, "जा." त्या गेल्या नाहीत. पुन्हा, मोठ्यांदा, "जा!" त्यांचा डावा हात दाराकडे वळला होता आणि गाल ओले होते. शैलाताई त्यांच्या पलंगाशी बसल्या. "अहो, मी त्या माणसाला जे बोलले ते..." घटाट्यांनी मान हलवली. "नको," म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे बोट केलं.

त्या गाडी घेऊन रेंजवर गेल्या. शूटिंग न करता तीन वाजायला आले तरी पार्किंगमध्ये, गाडीतच बसून राहिल्या. लोकांचे बार ऐकता ऐकता त्यांना झोप लागली. त्या दिवशी घरी पोचायला पाऊण तास उशीर झाला.

पाच महिन्यांनी पोलिसांचं पत्र आलं. डॉक्टरांनी रायफल ठेवायला हरकत नसल्याचं कळवलं होतं. त्याच पत्रव्यवहारातून कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, एक बाई घरची परिस्थिती बघून गेली आणि मदतीचे महिन्याला एकाऐवजी दोन शनिवार झाले. बाकीचे दिवस आहेत तसेच राहिले. रायफल घरी आणली तेव्हा शैलाताईंनी ती आधी घटाट्यांच्या मांडीवर ठेवली. डाव्या हाताने त्यांनी दस्ता चाचपला आणि बराच वेळ तो हात तिथेच राहू दिला. मग शैलाताईंनी ती उचलून कपाटात लावली, किल्ली फिरवली आणि घड्याळ बघितलं. कूस बदलायची वेळ झाली होती.