कौल पडेपर्यंत

साठ-एकसष्टच्या सुमाराला अकोल्यात आमच्या शेजारी एक बाई राहायची. ती सगळं देवाला विचारून करायची. ज्वारीचे दोन ओले दाणे दगडी देवाच्या अंगाला चिकटवायची आणि देवाच्या कौलाची वाट पाहायची. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही.

एकदा मी म्हटलं, "अवं, भाजी कोन्ती कराची, थेबी देवच सांगन काय?"

ती हळूच हसली. "सांगते ना, काकू. आपल्या डोक्याले ताप नाही."

तिची आठ वर्षांची पोरगी कधी कुणाला उलट प्रश्न करायची नाही. आईला त्याचं भारी कौतुक. मला त्या पोरीकडे बघवत नसे.

एका दुपारी आई पाण्याला गेली होती. त्यांच्या जळणाच्या पऱ्हाट्या पेटल्या आणि छपरानेही पेट घेतला. मी आत धावले. धुरात पोरगी देवापुढे हात जोडून उभी होती.

"चाल बाहेर, पोरी!"

"कौल पडला नाही अजून, काकू."

मी तिला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. तेवढ्यात आई आली. पोरीच्या केसांतली राख तिने पदराने पुसली आणि हळूच विचारलं, "कोन्ता पडला?"

"एकबी नाही."

"मंग बाहेर कशी आली तू?"