बाहुल्यांचे डोळे आणि शंकासुर

शंकासुर हे नाव त्याला शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी दिलं, आणि ते असं चिकटलं की त्याचं खरं नाव आता फक्त बँकेला माहीत आहे. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढायचं, अर्धा जिना उतरून परत वर यायचं आणि चौथ्यांदा ओढायचं. बायको सांगते, लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर सही करण्याआधी त्याने तो शब्दन्‌शब्द वाचून काढला; तेवढ्या वेळात मनात आणलं असतं तर ती पळून जाऊ शकली असती.

अकरा वर्षं त्याने एका मालगोदामात वजनकाट्यावर कारकुनी केली. मग अडतिसाव्या वर्षी, लोक गुडघ्यांची तक्रार सुरू करतात त्या वयात, तो एकट्याच्या बळावर प्रोग्रॅमिंग शिकला. आता खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून दुकानदारांना ऑनलाइन दुकानं बांधून देतो. गिऱ्हाइकं त्याला शिव्या देतात, कारण तो वेळ लावतो. आणि परत त्याच्याचकडे येतात, कारण त्याची दुकानं पडत नाहीत.

त्याची थोरली बहीण बाहुल्यांचे डोळे करते. म्हणजे काचेचे, खरेखुरे. तिच्या कामाच्या खोलीत गॅसची निळी शेगडी, भिंतीला काचेच्या कांड्या आणि कपाटभर खण: तपकिरी, निळे, घारे, मांजराचे. अर्ध्या जगातल्या बाहुल्या आमच्या घरच्या डोळ्यांनी बघतात, असं दाजी पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे, कारण ते खरं असल्याचा पुरावा कुठेच नव्हता. माल एका दलालामार्फत जायचा आणि डबीवर नाव दलालाचं असायचं.

तो दलाल आता नवा करार घेऊन आला होता. दहा वर्षं सगळा माल फक्त त्यालाच द्यायचा, दुसऱ्या कुणाला एक डोळाही विकायचा नाही. ताई पन्नाशीला टेकलेली. दहा वर्षांनी हात थरथरायला लागले की तिच्या नावावर काय उरणार होतं? सही करायला तो गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता येणार होता.

आणि त्याच महिन्यात परदेशातून एक पत्र आलं. तिकडे जुन्या बाहुल्या दुरुस्त करणाऱ्यांची एक संघटना होती, देशोदेशी पसरलेल्या तीनशे सभासदांची. त्यांच्या चिटणीस बाईंनी, ज्यांना घरात लगेच ‘बाहुल्यांची डॉक्टरीण’ हे नाव पडलं, डबीमागचा खरा हात कुणाचा ते शोधून काढलं होतं. आम्ही थेट तुमच्याकडून घेऊ, त्यांनी लिहिलं होतं, पण पैसे कार्डानेच देऊ, आणि वर्षाची खरेदी एकाच दिवशी करू. दिवस नेमका तोच गुरुवार. नाही जमलं तर दुसरीकडे बघू.

आता कार्डाचे पैसे देशोदेशांतून घ्यायचे तर मध्ये एक कंपनी लागते. तुम्ही तुमच्या प्रोग्रॅममध्ये तिचे चार धागे जोडायचे. कार्ड ती बघते, बँकांशी ती बोलते, पैसे तुमच्या खात्यावर पोचवते. ही सेवा ज्या देशांत मिळते त्यांच्या यादीत आपल्या देशाचं नाव नव्हतं. शंकासुर दोन वर्षं रोज सकाळी ती यादी उघडून बघत होता. नाव आलं त्या दिवशी त्याने पान बंद करून पुन्हा उघडलं, मग शेजाऱ्याच्या फोनवरही उघडून बघितलं, आणि मगच ताईला फोन केला.

पुढचे आठ दिवस तो ताईच्या खोलीतच मुक्कामाला होता, आणि दाजी त्याच्या मानगुटीवर. गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर आपल्याकडे का ठेवायचा नाही, हे दाजींना काही केल्या पटेना. शंकासुराने समजावलं की नंबर थेट कंपनीकडे जातो, आपल्या हातात येतो तो फक्त बिल्ला, वस्तू ठेवायला दिल्यावर मिळतो तसा.

“पण नंबर जवळ असलेला बरा ना?”

“दाजी, जे आपल्याकडे नाहीच, ते चोरणार कोण?”

शिवाय ‘पैसे मिळाले’ असा कंपनीचा निरोप आला की त्याचा प्रोग्रॅम आधी त्यावरची मोहोर तपासायचा. मोहोर चुकली की निरोप बनावट, केराच्या टोपलीत. आणि सगळ्यात वर म्हणजे, चाळीस जोडांच्या किमतीपलीकडची कुठलीही मागणी, माणसाने बघेपर्यंत पैसे न घेता थांबवायची. गिऱ्हाइकाला दारात अडवणारं जगातलं पहिलं दुकान, असं दाजींनी जाहीर केलं.

गुरुवारी दहाला दुकान उघडलं. चौथ्या मिनिटाला कुठल्याशा थंड देशातून सहा जोड निळ्या डोळ्यांची मागणी आली, पैसे आले, आणि ताईने पदराने चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. मग डॉक्टरीणबाईंची मागणी आली. दोनच जोड. आणि ती अडकली. मागोमाग त्यांच्या देशातून दुसरी, तिसरी, अशा अकरा मागण्या आल्या आणि अकराही अडकल्या.

शंकासुराने आकडा बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोन जोड डोळ्यांच्या पैशांत एक जुनी मोटार आली असती.

चूक त्याचीच होती. कंपनीला रक्कम सगळ्यात लहान नाण्यात सांगावी लागते, म्हणून त्याने सगळ्या किमतींना सरसकट शंभराने गुणलं होतं. पण डॉक्टरीणबाईंच्या देशात चिल्लर नावाचा प्रकारच नाही. तिथे सगळ्यात लहान नाणं तेच मोठं नाणं. कंपनीच्या माहितीत हे स्वच्छ लिहिलेलं होतं. ते पान त्याने चार वेळा वाचलं होतं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाने बिचाऱ्या एका नाण्यावर विश्वास टाकला होता.

दाजी म्हणाले, बास झालं, दुकान बंद करा, मी दलालाला फोन करून लवकर बोलावतो. ताईने शेगडी विझवली आणि भावाच्या शेजारी स्टूल ओढलं.

“शंक्या, एवढंच सांग. कुणाच्या खात्यातून एक पैसा तरी गेलाय?”

“नाही. सगळे दारातच अडवलेत.”

“मग घाबरतोस कशाला? चूक तुझी, पकडलीही तूच. आता नीट कर. आणि तुम्ही,” ती नवऱ्याकडे वळली, “डब्यांना चिठ्ठ्या लावायला घ्या.”

तो कामाला लागला. शोधता शोधता कळलं की चिल्लर नसलेले देश बरेच आहेत, आणि काही ठिकाणी तर एका नाण्याचे हजार भाग होतात. त्याने प्रत्येक देशाच्या नाण्याचा वेगळा तक्ता केला, कंपनी चाचणीसाठी देते त्या खोट्या कार्डांनी एकेक नाणं वाजवून बघितलं. साडेबाराला नवा प्रोग्रॅम चढवला आणि अकरा जणांना पत्र लिहिलं: चूक आमची झाली, तुमचे पैसे घेतलेले नाहीत, कृपा करून पुन्हा मागवा. दाजींचं म्हणणं, चूक कबूल करायची काय गरज, कंपनीवर ढकल. त्याने ऐकलं नाही.

एक वाजला. दोन वाजले. जेवणाची ताटं तशीच झाकलेली राहिली. दलालाचा फोन येऊन गेला: निघतोय, पेन मी आणतोय.

अडीचला मागणी आली. डॉक्टरीणबाईंचीच. रक्कम बरोबर, मोहोर बरोबर, पैसे जमा. या वेळी जोड छत्तीस, आणि खाली दोन ओळी: “सकाळचे दोन जोड तुमची परीक्षा घ्यायला मागवले होते. सभासदांना कळवलंय, बेलाशक घ्या.”

शंकासुराला आयुष्यात प्रथमच आपल्या कुळातलं माणूस भेटलं होतं. तो ते वाचून असा काही हसला की दाजी चिठ्ठ्या सोडून उठून आले.

मग रीघ लागली. साडेचारपर्यंत एकशे चाळीस मागण्या, एकोणीस देश. घाऱ्या डोळ्यांचा खण तळापर्यंत रिकामा. दाजी प्रत्येक देशाचं नाव मोठ्याने वाचत होते, निम्मी नावं चुकीची उच्चारत होते, आणि त्यांना टोकायची कुणाची इच्छा नव्हती.

पाचला दलाल आला. जमिनीवर मांडलेल्या डब्या ओलांडत आत आला, तर प्रत्येक डबीवर ताईचं नाव. ताईने करार त्याच्या हातात परत दिला. तो म्हणाला, “बाई, परदेशचा पैसा, फसवाफसवी, हे सगळं कोण बघणार?”

“माझा भाऊ.”

दलालाने कोपऱ्यात बघितलं. भाऊ थंडगार ताटातला घास घेत, पडद्यावरचे आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासत होता. दलालाने आणलेलं पेन परत खिशात ठेवलं. शेवटी त्याने विचारलं, तपकिरी दोनशे जोड जुन्या दराने मिळतील का.

“दर दुकानात लिहिलाय,” ताई म्हणाली. “तिकडे सगळ्यांना तोच आहे.” आणि तिने शेगडी पेटवली. घाऱ्या काचेची कांडी उचलली, ज्योतीत धरली, आणि तिच्या टोकाला लाल थेंब जमायला लागला.