शनिवार तेल्याची नात

"काहीतरी म्हणून दाखव," तो म्हणाला. "एखादी प्रार्थना वगैरे."

जुलैतला सोमवार, सकाळचे पावणेनऊ. सेंट्रल लंडनमध्ये ऑफिसच्या दारात मी उभी होते. इंटर्नशिपचा पहिला दिवस. अंगात पप्पांनी इस्त्री करून दिलेला शर्ट. दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं, तोही ज्यूच, माझा पासपोर्ट पाहिला होता, बॅग उपसली होती, ऑफिसनं पाठवलेला ईमेल दोनदा वाचला होता. तरी त्याचं समाधान होईना. ज्यू लोकांसाठी काम करणारी संस्था, आणि समोर ही सावळी पोरगी, आडनावाच्या शेवटी 'कर'.

मी म्हणून दाखवली. उजवा हात डोळ्यांवर ठेवून शेमा, आमची रोजची प्रार्थना, फुटपाथवर, बाजूनं बस जात असताना. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये म्हणतात त्या चालीत, कारण मला दुसरी येत नाही. मध्येच जोश नावाचा एक गोरा मुलगा आला. तोही इंटर्न, त्याचाही पहिलाच दिवस, हातात कॉफी. "मॉर्निंग, मेट," म्हणत सिक्युरिटीवाल्यानं त्याला दार उघडलं. नावसुद्धा विचारलं नाही.

माझं संपल्यावर सिक्युरिटीवाला आपल्या जोडीदाराला म्हणाला, "ही चाल कधी ऐकली नाही बुवा." दोघं हसले. "जा आत."

गेले. वर मी थँक्यू म्हणाले. ते थँक्यू मला अजून खुपतं.

दारावर पहारा कशाला लागतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही. नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझ्या खोलीच्या चौकटीला मेझुझा होता. प्रार्थना लिहिलेली गुंडाळी आत ठेवलेली बोटाएवढी डबी, आईची. आई गेल्यावर पप्पांनी ती मला दिली. एक दिवस लेक्चरहून परत आले तर डबी उपटून खाली टाकलेली, आणि दारावर काळ्या मार्करनं लिहिलेलं. काय लिहिलं होतं ते इथं देत नाही. त्या घाणीला पुन्हा जागा कशाला द्यायची? तक्रार केली. "लक्ष घालतो" असं उत्तर आलं. म्हणून मी ही इंटर्नशिप धरली. ही संस्था खासदारांना भेटते, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी नियम बदलायला लावते. मला त्यात असायचं होतं. आम्ही चार इंटर्न, आणि सप्टेंबरला एकाला पक्की नोकरी. ती मलाच मिळावी असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार वाटत होतं.

आता आम्ही कोण ते सांगते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. घरात मराठी, सणाला हिब्रू. आजोबांपर्यंत सगळ्यांनी अलिबागकडच्या गावात तेलाचा घाणा चालवला. शनिवारी आमच्यात काम करत नाहीत, म्हणून घाणा बंद. म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. मुंबईत पुढे बगदादी ज्यू आले. व्यापारी, पैसेवाले, गोरे. त्यांच्यातले कित्येक जण आमच्या माणसांना प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत मोजत नसत. दहावा माणूस आमचा असला तर ते थांबायचे, दुसरा कुणी येईपर्यंत. पप्पांच्या आजोबांनी असं उभं राहून पाहिलेलं आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरीही.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या किचनमध्ये डेबोरानं विचारलं. डेबोरा आमची बॉस. वाईट बाई नाही. चहा करून द्यायची, वाढदिवस लक्षात ठेवायची.

"तुमच्या घराण्यानं धर्म कधी स्वीकारला?"

"स्वीकारला नाही. आम्ही आधीपासूनच आहोत."

"म्हणजे बगदादी? बॉम्बेला आलेले ते?" तिचा चेहरा एकदम खुलला.

मी म्हणाले, "हो. साधारण तेच."

एवढंच. कुणी हात पिरगाळला नव्हता. पुन्हा समजावून सांगायचा कंटाळा आला, हे एक. दुसरं खरं कारण म्हणजे मला लाज वाटली. तेली म्हणायची लाज.

आणि काय जादू झाली बघा. जोश मला लंचला बोलवायला लागला. डेबोरानं पार्लमेंटमधल्या कार्यक्रमात खासदारांसमोर मला तीन मिनिटं दिली, मेझुझाची हकीगत सांगायला. "तू उत्तम बोलशील," म्हणाली. मी हवेत.

ट्रेनमध्ये ही गंमत मी प्रज्ञाला सांगितली. प्रज्ञा नागपूरची, बौद्ध, सॉफ्टवेअरमध्ये. लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. मी हसत हसत सांगत होते. ती हसली नाही.

"मला इथं आपल्या लोकांच्या कार्यक्रमात पूर्ण नाव विचारतात," ती म्हणाली. "नुसतं प्रज्ञा चालत नाही. आडनाव हवं असतं. एकदा मी भलतंच सांगून टाकलं. काकू इतक्या प्रेमानं वाढायला लागल्या म्हणून सांगू. मला घास गिळेना गं."

मी फोनमध्ये डोकं घातलं. मला तिचा राग आला होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी छापील पत्रिका घेऊन घरी आले. पप्पा किचनमध्ये मलिदा करत होते. भिजवलेले पोहे, साखर, वेलची, आणि ओला नारळ ते खवत होते. घरात काही चांगलं झालं की आमच्यात एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावानं मलिदा करतात. मुलगी पार्लमेंटमध्ये बोलणार म्हणून हॉस्पिटलच्या लॅबमधून त्यांनी हाफ डे घेतला होता. हात पुसून त्यांनी पत्रिका घेतली. माझ्या नावाखाली छापलं होतं, 'बगदादच्या प्रतिष्ठित व्यापारी घराण्यातील.'

"हे कोण?" पप्पा म्हणाले.

मी पत्रिका परत घ्यायला हात पुढे केला.

"नाही, नाव तुझं आहे म्हणून विचारतो."

"पप्पा, चहा करताना बॉसनं विचारलं, मी हो म्हणाले. त्यांना तेली वगैरे कळत नाही."

"त्यांना कळत नाही का तुला सांगवत नाही?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पुन्हा नारळ खवायला लागले. थोड्या वेळानं पाठमोरेच म्हणाले, "त्या वेळी गावात रब्बी नव्हता. पुस्तक नव्हतं. कुणी बघायला नव्हतं. तरी शनिवारी घाणा बंद. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जायचं, लोक चिडवायचे, पण बैल गोठ्यात. इतकी वर्षं, अगं. आणि तू एका चहाच्या कपावर सोडून आलीस."

मलिदा झाला. त्यांनी प्रार्थना म्हटली. मला वाटी दिली. मी खाल्ला, रडत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पार्लमेंटच्या कमिटी रूममध्ये वीसेक माणसं होती. माझी पाळी आली. लिहून आणलेला कागद तिथंच ठेवून मी बोलले.

"तुमच्या हातातल्या पत्रिकेत माझ्याबद्दल छापलंय ते खोटं आहे. ते मीच सांगितलं होतं. माझं घराणं कोकणातल्या तेल्यांचं. ज्यानं माझ्या दारावर घाण लिहिली त्यानं मला पुरावा मागितला नव्हता. तो मला ज्यू समजला आणि बरोबर समजला. पुरावा मला आपल्याच माणसांनी मागितला, फुटपाथवर. आता दाराची गोष्ट सांगते."

सांगितली. तीन मिनिटांत बसवली. कुणी टाळी वाजवली नाही. एक खासदारबाई मात्र शेवटपर्यंत लिहून घेत होत्या.

कॉरिडॉरमध्ये डेबोरानं मला गाठलं. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"तू आम्हाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस."

"खोटं बोलले त्याबद्दल सॉरी. बाकीच्याबद्दल नाही."

ती जरा शांत झाली. "हे बघ, नोकरी अजून तुझी होऊ शकते. पण बोर्ड प्रश्न विचारणार. एखाद्या रब्बीचं पत्र आण. आईवडिलांचा लग्नाचा करार असेल तर तो. एक कागद, बस."

कागद होता. आईपप्पांचा कतुबा, ठाण्याच्या सिनेगॉगचा शिक्का असलेला, आमच्या कपाटात वरच्या खणात. स्टॅनमोरला जाऊन यायला दोन तास लागले असते.

"जोशकडून कागद घेतला का?" मी विचारलं.

"जोशचं वेगळं आहे."

"मग नाही आणणार."

नोकरी जोशला मिळाली. त्याच्यावर राग नाही, त्यानं काही मागितलं नव्हतं. मी सध्या लीड्सला आहे, विद्यार्थ्यांच्या एका लहानशा संघटनेत तेच काम करते. खासदारांना पत्रं लिहिते. पत्राखाली माझ्या नावापुढे 'शनिवार तेल्याची नात' असं लिहिते. कुणी अर्थ विचारला की सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

मेझुझा पुन्हा चौकटीला आहे. दारावर पहारा असावा. माझी बॅग उघडा, खिसे तपासा, पासपोर्ट दिवसभर ठेवून घ्या. पण शेमा कुणाच्या सांगण्यावरून म्हणणार नाही. कतुबा कपाटात आहे आणि कपाटातच राहील. आत घ्यायचं नसेल तर मी बाहेर उभी राहीन, आणि तुम्ही मला घ्यायला बाहेर येईपर्यंत हलणार नाही.