गच्चीवरचं विरजण

"पाणी..." वन्सं म्हणाल्या, तसा मी चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी मान वळवली. पुन्हा "पाणी", पुन्हा माझा चमचा, पुन्हा मान तिकडे. एवढ्या आजारपणातही बाई माझ्यावर चिडली. "गच्चीवरलां गो," त्या कशाबशा म्हणाल्या, "धा दिस झाले. बदल." बदलते म्हटलं, पडा आता गप. घरी येऊन कुकर लावतेय तोच दवाखान्यातून फोन आला. म्हणजे आमचं शेवटचं बोलणं झालं ते गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बदलण्यावरून. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला याचं वाईट वाटलं असतं, वन्संच्या बाबतीत नाही वाटलं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शालिनी. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, हिला नावाने हाक मारायची नाही. ते 'वन्सं' जिभेवर बसलं ते बसलंच. त्यांनी लग्न केलं नाही. परळला जनावरांच्या एका दवाखान्यात त्या मदतनीस होत्या, आणि माणसांपेक्षा जनावरांशी त्यांचं बरं जमायचं. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. भांडणं काय थोडी झाली? मी चहात साखर जास्त घालते इथपासून मला पोळ्या लाटता येत नाहीत इथपर्यंत. मीही काही गप्प बसणारी नव्हे. पण माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस माझं करणाऱ्याही त्याच, हे इथे लिहायलाच हवं.

निवृत्त झाल्या त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, नारळ आणि शाल घेऊन येतील. ते आणलंच, शिवाय डबाही आणला. झाकण काढलं तर आत पाणी आणि त्यावर मूठभर हिरवा चुरा. दवाखान्यात बैल घेऊन आलेल्या कुणा शेतकऱ्याने दिला होता. अझोला म्हणतात त्याला, जनावरांचं खाद्य. वन्संनी गच्चीच्या कोपऱ्यात विटांचं चौकोनी कडं रचलं, त्यात ताडपत्री अंथरली, चाळलेली माती, शेण कालवलेलं पाणी, झाली टाकी; वर हिरवी जाळी. ऊन जास्त लागलं की हा लाल पडतो, म्हणून. पंधरवड्यात पाणी दिसेना, नुसती हिरवी गोधडी. चाळ बघायला लोटली. आमच्याकडे पाण्यावर जे जे हिरवं ते शेवाळ, त्यामुळे वन्संचं नाव 'शेवाळताई' पडायला वेळ लागला नाही. त्या प्रत्येकाला थांबवून सांगायच्या, "शेवाळ नाय गो ह्यां. नेचो आसा, पाण्यावरचो." कोण ऐकतंय!

हे सगळं कुणासाठी, तर एका गायीसाठी. देवळाच्या गल्लीच्या तोंडाशी चंद्राबाई गाय घेऊन बसायची, चाऱ्याच्या पेंढ्या विकत. येणारे-जाणारे पुण्य म्हणून त्या गायीला पोळ्या, लाडू, पेढे, काय वाट्टेल ते घालायचे. वन्संना ते बघवत नसे. "ता जनावर आसा की मिठाईचा दुकान?" म्हणायच्या. पहिल्या दिवशी बादलीभर अझोला घेऊन गेल्या, तर गायीने हुंगून तोंड फिरवलं. शेणाचा वास राहिला होता. मग तीन पाण्यांनी धुवायचा, कोंड्यात कालवायचा, चिमूटभर गूळ... आठवड्याने ती गाय वन्संना लांबून बघून हंबरायला लागली. माझ्याकडे बघून आजवर कुणी असं हंबरलेलं नाही. टाकीचं जुनं पाणी चाळीतल्या तुळशींना, कढीपत्त्याला जायचं. उरलासुरला अझोला मातीत कालवला की मिरचीची रोपं तरारून यायची. तेव्हा मात्र शेवाळाला कुणी नाकं मुरडली नाहीत.

गच्चीला कुलूप असायचं आणि किल्ली एकच. ती आमच्या दारामागे खिळ्यावर. रोज सकाळी सहाला वन्सं अंघोळ करून समोर उभ्या, "किल्ली दे गो." स्वतः हात लांबवला असता तरी मिळाली असती. पण घर सुनेचं आहे, किल्ली तिच्या हातून घ्यायची, हा त्यांचा नेम.

आता जे सांगायचं आहे ते त्यांना कधी सांगितलं नाही. एका वर्षी माझ्या मुलीला, मृणालला, डेंग्यू झाला. ताप उतरेना, रोज रक्त तपासायचं, रोज आकडा खाली. मी देवासकट सगळ्यांवर चिडलेली. तशात गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर वन्संनी नुकताच अझोला काढला होता आणि अर्ध्या टाकीत उघडं पाणी चमकत होतं. माझं डोकंच फिरलं. थर दाट असला की डासाला पाण्यावर बसता येत नाही, असं वन्सं सांगायच्या. पण तेव्हा तो दाट नव्हता आणि माझी पोर तापाने फणफणलेली. दुसऱ्या दिवशी डासांची पाहणी करणारी माणसं चाळीत आली. वन्सं गायीकडे गेल्या होत्या. वर काही पाणी साठवलंय का, असं त्या माणसांनी विचारलं. मी खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी त्यांचं काम केलं. विटा पाडल्या, ताडपत्री उलटी केली. वन्सं परत आल्या तेव्हा गच्चीभर अझोला उन्हात सुकत पडला होता. मी खालीच थांबले, वर जायची हिंमत झाली नाही. केरसुणीचा आवाज तेवढा बराच वेळ येत होता. सुकलेला सगळा भरून त्यांनी मिरच्यांच्या कुंड्यांत घातला.

संध्याकाळी वाटी घेऊन माझ्यासमोर उभ्या. "विरजण आसा गो?" मी दह्याचं पातेलं उघडलं. तर त्या हसल्या. वाकून मोरीच्या खिडकीखालचं, मी कित्येक महिने न पाहिलेलं, काठ तुटलेलं घमेलं त्यांनी पुढे ओढलं. चार बोटं पाणी आणि वर हिरवागार, दाट अझोला! "गच्चीवरला नासला तर घरात विरजण व्हया ना? म्हणान तुज्या मोरीत ठेवलंय." ज्याच्या नावाने मी बोटं मोडत होते ते माझ्याच मोरीत वाढत होतं. त्या वाटीभरावर टाकी पुन्हा उभी राहिली. मृणालही बरी झाली. आणि त्या पाडापाडीच्या दुसऱ्याच दिवशी सहाला वन्सं दारात, "किल्ली दे गो." जणू काही झालंच नाही.

त्यांचं तेरावं झाल्यावर मी पहिल्यांदा एकटी बादली घेऊन चंद्राबाईकडे गेले. गायीने माझ्यामागे पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. मला रडू आवरेना. तिथेच फुटपाथवर बसून मी चंद्राबाईला सगळं सांगून टाकलं. किल्ली मी दिली होती, वन्संना कळलंच नाही, आणि आता सांगायचं कुणाला...

चंद्राबाई गायीला कालवलेलं घालत होती. तिने मानही वर केली नाही.

"ताईंना म्हाईत होतं की," ती म्हणाली. "किल्ली एकच, मग गच्ची उघडली कुणी? त्याच दिवशी सांजच्याला इथं येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, पोरीच्या तापानं घाबरलीय माझी भावजय. आता बी रोज पयल्यासारखी तिच्याकडंच किल्ली मागंन, म्हंजी तिला वाटायचं न्हाई मी रुसले."

एवढी वर्षं. रोज सकाळी सहाला. आणि मी मात्र, काय हा हिचा हट्ट, हात लांबवायला काय होतं, असं मनात म्हणत किल्ली द्यायचे.

आता टाकी माझ्याकडे आहे. दर दहा दिवसांनी थोडं पाणी काढते, तेवढंच ताजं घालते. अझोला तीन पाण्यांनी धुते. गाय अजून हंबरत नाही, पण खाते. मोरीतलं घमेलंही भरलेलं ठेवते. परवा समोरच्या खोलीतली नवी सून वाटी घेऊन विरजण मागायला आली, तर मी "कसलं?" म्हणून विचारलं. ती बघतच राहिली.

सकाळी सहाला दारात कुणी येत नाही. मी खिळ्यावरची किल्ली काढते, आणि वर जाण्याआधी उंबऱ्याशी क्षणभर हात पुढे करून म्हणते, "घ्या, वन्सं."